वासाबीला बेंगळूरची हवा मानवते

ज्यांनी बेंगळूर पाहिलेलं नाही त्यांना आधीच सांगून ठेवते: तिथे पाहुण्याला गाव नंतर दाखवतात, आधी हवा दाखवतात. स्टेशनवर उतरून मी हमालाशी हिंदी, मराठी आणि खाणाखुणा अशा तिन्ही भाषांत झगडत होते, तोच श्रीपतअण्णांनी विचारलं, "कशी आहे हवा?" इंजिनाच्या कोळशानं माझे डोळे चुरचुरत होते. मी म्हटलं, "अजून नीट ओळख झाली नाही." त्यावर त्यांनी छाती भरून श्वास घेऊन दाखवला, जणू मला तो घेता येत नव्हता.

अण्णा म्हणजे माझ्या धाकट्या भावाचे, मधूचे, घरमालक. काळा कोट, पांढरं धोतर, डोक्यावर जरीकाठी पेटा, म्हणजे तिकडचा फेटा, आणि सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्याचं कायमचं दुःख. त्यांचं घराणं शहाजीराजांबरोबर इकडे आलं म्हणतात. अण्णा ते अशा थाटात सांगतात की मागच्याच आठवड्यात बैलगाडीतून सामान उतरवलंय असं वाटावं. घरात बोलतात मराठीच, पण त्या मराठीला कानडीची फोडणी आहे. त्यांच्या पत्नीला सगळी गल्ली आक्का म्हणते, मीही पहिल्या दिवसापासून म्हणू लागले.

मी पुण्यात मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत भावाकडे जायचं, चार गार दिवस काढायचे, एवढाच माझा बेत होता. पण टांग्यात बसल्या बसल्या मधू म्हणाला, "ताई, बरं झालं आलीस. तानाबे येताहेत." त्याचा चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलासारखा झाला होता.

मधू सरकारी यंत्रकारखान्यात इंजिनिअर आहे. कारखान्यानं त्याला वर्षभर जपानला शिकायला पाठवलं होतं. तिथे ज्यांच्या हाताखाली तो शिकला, ते तानाबे. मधू पक्का शाकाहारी. पहिल्या महिन्यात तो भात आणि काकडी यांवर जगला आणि सदऱ्याच्या आत माणूस राहिला नाही इतका वाळला. शेवटी तानाबेंच्या म्हाताऱ्या आईनं त्याला घरी आणलं आणि माशाचा वासही न लागलेल्या भांड्यांत त्याच्यासाठी वेगळं रांधायला सुरुवात केली. तिच्या घरामागे डोंगरातून ओढा येतो. त्या ओढ्यात ती वासाबी लावते. वासाबी म्हणजे एक झाड, त्याचं जाडसर खोड किसून भाताबरोबर चिमूटभर खातात. ते जिभेला झोंबत नाही, नाकाला झोंबतं. मधूला पहिल्या घासाला आपल्या आईची फेसलेल्या मोहरीची कोशिंबीर आठवली आणि तो रडला. वासाबीनं रडला की आईच्या आठवणीनं, ते त्यालाही सांगता येत नाही.

निघताना म्हातारीनं एक रोप ओल्या शेवाळात गुंडाळून त्याच्या हातात दिलं. स्वतःच्या मुलालाही ती त्या ओढ्यात हात घालू देत नसे. म्हणाली, "हे जिवंत आहे तोवर तू सुखरूप आहेस असं मी समजेन." मधूनं शब्द दिला. बोटीवरच्या स्वयंपाक्याच्या मिनतवाऱ्या करून त्यानं ते भाजीच्या थंड कोठीतून आणलं. आता तानाबे कारखान्यातली यंत्रं पाहायला बेंगळूरला येत होते, आणि आईनं त्यांना बजावलं होतं की यंत्रं कशीही असोत, रोप डोळ्यांनी पाहून ये.

"मग? जिवंत आहे ना?" मी विचारलं.

"जिवंत?" पुढून अण्णा गर्रकन वळले. "स्वल्प थांब. घरी चल, बघ. जपानात काय वाढेल असं वाढलंय. बेंगळूरची हवा आहे ही, काय समजलीस!"

मागचं अंगण

अण्णांच्या बसवनगुडीतली घरं बसकी, कौलारू, आणि मागे भरपूर अंगण. पुण्यात एवढ्या जागेत आम्ही तीन भाडेकरू बसवले असते. अण्णांच्या अंगणात विहीर, फणस, नारळ आणि फणसाच्या सावलीत वासाबीचा दरबार.

दरबारच म्हणायचा. जनावरांना पाणी पाजायची एक जुनी दगडी डोणी होती. तिच्यात नदीतली वाळू आणि गोटे घातलेले. विहिरीच्या कट्ट्यावर पाण्याचं पिंप, त्यातून अर्ध्या चिरलेल्या बांबूनं पाण्याची करंगळीएवढी धार डोणीत यायची आणि दुसऱ्या टोकानं केळीला जायची. वर वाळ्याचा पडदा, पडद्यावर अण्णांची निवृत्तीत मिळालेली छत्री. मधूनं मला शाळेतल्या मुलीला समजावतात तसं समजावलं. या झाडाला ऊन चालत नाही, पण अंधारही चालत नाही. पाणी सतत लागतं, पण साचलेलं चालत नाही, वाहतं हवं. तेही गार, डोंगरातल्या झऱ्याइतकं. उन्हाळा सोसत नाही, थंडीत गोठणं सोसत नाही. चिखल नको, गोटे हवेत. खोड किसण्याजोगं व्हायला दोन दोन वर्षं लागतात.

"जावयाची जात आहे," मी म्हटलं.

अण्णांनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. ते कोटाच्या खिशातून काचेची नळी काढून डोणीत बुडवत होते. रोज सकाळ-संध्याकाळ पाण्याची थंडी मोजायचा त्यांचा नेम होता. नळी डोळ्यांजवळ धरून ते म्हणाले, "सरी, ठीक आहे. ताप नाही." ती नळी डॉक्टरांची, ताप बघायची होती. तिच्यातला पारा तापाच्या आकड्यांखाली उतरतच नाही. गरम सोडून कुठल्याही पाण्यात ती हेच सांगणार. मी मधूकडे पाहिलं. त्यानं डोळ्यांनीच हात जोडले.

मग मी वाकून रोप पाहिलं.

गोल, मूत्रपिंडाच्या आकाराची, काठाला बारीक दाते असलेली हिरवीगार पानं. नाजूक देठ. आणि डोणीभर पसरलेले दोरे, प्रत्येक दोऱ्याच्या पेरापेराला नवं पिल्लू. मधू कौतुकानं म्हणाला, "आलं तेव्हा चार पानं होती, ताई. बघ आता, बाळंतपणावर बाळंतपणं चाललीत." मी दर वर्षी सातवीच्या मुलींना हे झाड फळ्यावर काढून दाखवते. पुण्यात त्याचं तेल डोक्याला चोळतात. ती ब्राह्मी होती.

मला एकदम हसू फुटायला लागलं, म्हणून मी शिंकल्यासारखं केलं. अण्णा म्हणाले, "झोंबलं ना? असंच असतं ते!"

स्वयंपाकघर

दुपारी पानावर आक्कांनी एक हिरवट, गार, ताकातली चटणी वाढली. नारळ, जिरं, मिरी आणि कुठलासा वाटलेला पाला. तिला तिथे तंबुळी म्हणतात. आमच्याकडे उन्हाळ्यात कैरीच्या पन्ह्यानं जे होतं ते त्यांच्याकडे या तंबुळीनं होतं, आणि खरं सांगायचं तर जास्त चांगलं होतं. मी तीनदा मागून घेतली. पुरुष उठून गेल्यावर मी विचारलं, "आक्का, कसली हो ही?"

"ओंदेलगची. बुद्धीला बरी म्हणून सांगतात. विहिरीकडे रान माजलंय की त्याचं."

ओंदेलग म्हणजे आपली ब्राह्मीच. "डोणीतही माजलंय," मी म्हटलं.

आक्कांच्या हातातला पळा भांड्यातच राहिला. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग त्या खाली बसल्या आणि पदरात तोंड लपवून हसायला लागल्या. हसता हसता रडायला लागल्या आणि मला आधी काय थांबवावं ते कळेना.

झालं होतं ते असं. मधूनं रोप आणलं तेव्हा हिवाळा होता, पण बेंगळूरच्या हिवाळ्याला वासाबी हिवाळा म्हणायला तयार नव्हती. रोपाला वाहतं गार पाणी, सावली आणि दगड हवेत, असं मधू सांगत होता. आक्का म्हणाल्या, एवढंच ना? त्यांच्या मागच्या पडवीत महादेवाची पिंडी आहे आणि तिच्यावर तांब्याचं अभिषेकपात्र टांगलेलं आहे. तळाला भोक असलेलं ते भांडं, त्यातून थेंब थेंब पाणी पडत राहतं. सासूबाईंचं आणखी एक पात्र माळ्यावर होतं. ते त्यांनी काढलं, घासलं आणि पिंडीशेजारी, रोपावर टांगलं. सावली होती, दगड होते, तांब्यातलं गार पाणी थेंबाथेंबानं पडून मोरीत वाहून जात होतं. रोप तरारलं. आक्कांना वाटलं, जपानातल्या म्हातारीला जमतं ते आपल्याला न जमायला काय झालं?

मग शिवरात्र आली.

मधू कारखान्याच्या कामाला परगावी गेला होता. पहाटेपासून गल्लीतल्या बायका दर्शनाला यायला लागल्या. त्यांना दिसलं काय? शेजारी शेजारी दोन अभिषेकपात्रं, एकाखाली पिंडी, एकाखाली हृदयाच्या आकाराच्या पानांचं कुठलंसं अपरूप झाड. ज्याच्यावर अभिषेकपात्र टांगलंय ते झाड साधं कसं असेल? प्रत्येकीनं पिंडीवर दूध घातलं आणि झाडावरही घातलं. दूध झालं, दही झालं, तूप झालं, मध झाला, साखर झाली. आक्का स्वयंपाकघरात फराळाच्या गडबडीत. बाहेर येऊन पाहतात तो वासाबीला यथासांग पंचामृत-स्नान घडलेलं.

"धुऊन काढलं ग मी," आक्का म्हणाल्या. "हजार वेळा धुतलं. मुंग्या काय, वास काय! मग एकेक पान मान टाकायला लागलं. मूळ काढून पाहिलं तर शेणासारखं मऊ. मधू यायचा होता. त्याला काय सांगू? म्हातारीनं जिवाची खूण म्हणून दिलेलं, आणि आम्ही दुधातुपात बुडवून मारलं म्हणून सांगू?"

म्हणून त्यांनी विहिरीकडचं ओंदेलग तिथे लावलं. जुनी पानं गळाली, नवी आली, असं मधूला आणि अण्णांना सांगितलं. मधू इंजिनिअर, त्याला यंत्राचा एक स्क्रू बदललेला दुरून कळतो, पण पालक आणि चाकवत एकच वाटतात. नवी पानं भराभर यायला लागली तशी अण्णांना भरतं आलं. त्यांनी डोणी काय मांडली, बांबू काय बसवला! गल्लीभर सांगत सुटले की जपानात जे दोन वर्षांत होतं ते इथे दोन महिन्यांत होतं.

"आता ते जपानी येणार," आक्का म्हणाल्या. "त्यांच्या आईच्या ओढ्यातलं झाड. त्यांना कळणार नाही होय? ते जाऊन म्हातारीला सांगतील, मेलं म्हणून. तिच्या जिवाला काय वाटेल? मधू तिला मुलासारखा की."

माझ्या मनात आलं होतं, सरळ मधूला सांगून मोकळं व्हावं. शास्त्राची मास्तरीण आहे मी, खोट्या झाडावर छत्री धरलेली मला बघवणार नाही. पण संध्याकाळी मधू कामावरून आला, बूटही न काढता अंगणात गेला आणि डोणीजवळ उकिडवा बसून त्या ब्राह्मीकडे बघत राहिला. वर्षभर परक्या देशात एका बाईनं त्याला जेवू घातलं, त्याची ती फेड होती. मला त्याची फार माया आली. मी मुकाट्यानं आक्कांच्या पक्षात गेले.

नंदी

पुढच्या रविवारी अण्णांनी ठरवलं की पाहुणा यायच्या आधी रोपाला एकदा तरी खऱ्या डोंगराचं पाणी मिळालं पाहिजे. नंदीच्या डोंगरावर झरे आहेत, नद्या उगम पावतात, टिपू सुलतान उन्हाळ्यात तिथे जायचा. "टिपूला चालतं ते याला चालत नाही म्हणजे काय?" आक्का माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जाऊन या की. ताईलाही डोंगर दिसेल." ब्राह्मीला पाजायला डोंगराचं पाणी आणायला जाणारी मी पहिलीच बाई असेन.

बेंगळूरलाही एक शिवाजीनगर आहे, तिथून सकाळची बस मिळाली. तिथला बाजार मात्र मला आमच्या मंडईची आठवण करून देणारा वाटला, फरक इतकाच की आमच्याकडे भाजीवाली गिऱ्हाइकाला हाकलते आणि तिथली हाका मारते. देवनहळ्ळीला बस चहासाठी थांबली. चहा म्हणजे कॉफीच. किल्ल्याच्या तटाशी बायका चकोते विकत होत्या. चकोता म्हणजे पपनसाचा गुलाबी, गोड, श्रीमंत भाऊ. अण्णांनी सोलून दिला आणि प्रत्येक फोडीबरोबर हवेचा संबंध समजावून सांगितला.

नंदीवर मात्र मला हवा मानावीच लागली. भर उन्हाळ्यात ढग अंगावरून जात होते, निलगिरीच्या पानांतून थेंब गळत होते, आणि मला पुण्याहून न आणलेल्या शालीची आठवण होत होती. एका कातळाखाली झऱ्याचं पाणी गोट्यांवरून झुळझुळ जात होतं, वर झाडांची सावली. मधू तिथे थबकला. म्हणाला, "ताई, त्यांचा ओढा अगदी असा आहे." पाण्यात हात घालून तो कितीतरी वेळ बसला. मग हळूच म्हणाला, "तानाबे काही बोलले नाहीत तरी मला कळतं. त्यांच्या आईला आता फारसं चालवत नाही. तिला मी एवढीच गोष्ट देऊ शकतो." मी दुसरीकडे बघत राहिले. त्या क्षणी तोंड उघडलं असतं तर सगळं बाहेर पडलं असतं.

अण्णांनी आणलेली तांब्याची घागर भरली, तोंडाला केळीचं पान बांधलं आणि आम्ही परतीची बस धरली. तिथे आमची फजिती झाली. नंदीवर शिवाचं देऊळ आहे. नंदीहून येणारी तांब्याची घागर, तिला पान बांधलेलं, आणि ती मांडीवर धरून पेटेवाले अण्णा बसलेले. शेजारच्या म्हाताऱ्यानं हात जोडून ओंजळ पुढे केली. "तीर्थ," तो म्हणाला. अण्णांनी कानडीत समजावलं की हे झाडाचं पाणी आहे. म्हाताऱ्याला ते आणखीच पवित्र वाटलं. एकाला दिलं तसं दुसऱ्यानं मागितलं, मागच्या बाकावरचे पुढे आले, कंडक्टरनं गाडी थांबवून स्वतः घेतलं आणि ड्रायव्हरला नेऊन दिलं. नाही कुणाला म्हणणार? देवनहळ्ळीला नवे उतारू चढले, त्यांना जुन्या उतारूंनी खबर दिली. शिवाजीनगरला उतरलो तेव्हा घागरीच्या तळाशी पाणी आहे की नाही हे हलवून ऐकावं लागत होतं.

अण्णा खिन्न झाले होते. घरी आल्यावर त्यांनी ते उरलेलं चमच्याचमच्यानं ब्राह्मीच्या मुळाशी घातलं. आक्का तुळशीआड उभ्या राहून पदर चावत होत्या.

तानाबे जेवायला येतात

तानाबे शनिवारी दुपारी येणार होते. सकाळी आक्का मला म्हणाल्या, "दिसायचं सोड, पण ते चावून बघतील की. झोंबायला नको?"

हा प्रश्न मात्र माझ्या विषयातला होता. वासाबी मोहरीच्याच कुळातली, असं मी शिकवते. मोहरी वाटून पाण्यात फेसली की जी नाकात जाते तीच ही कळ. मी म्हटलं, "आक्का, मोहरी फेसू आणि पानांच्या पाठीला लावू." आक्कांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की शाळेतल्या कुठल्याही बक्षिसानं मला इतका आनंद झाला नसेल. अडचण एकच. फेसलेल्या मोहरीचा झणका थोडाच वेळ टिकतो, मग ती नुसती कडू होते. म्हणून पाहुणा दारात आला की मी फेसायची आणि तो अंगणात यायच्या आत आक्कांनी लावायची.

तानाबे ठरल्या वेळेला आले. बुटके, केस पिकलेले, कमरेत वाकून इतका नम्र नमस्कार करणारे की अण्णांनाही पेटा सांभाळत तितकंच वाकावं लागलं, मग त्यांनी पुन्हा वाकायचं. मी आत फेसायला बसले. आक्का वाटी घेऊन मागच्या दारानं गेल्या.

पण अण्णांनी पाहुण्याला अंगणात आणलंच नाही. आधी शहाजीराजे झाले. मग कॉफी झाली. मग देवघर झालं. मग हवा झाली, आणि हवेला अण्णा कधीच घाई करत नाहीत. आक्का आत येऊन कुजबुजल्या, "उडाला वास." मी पुन्हा फेसली. त्या पुन्हा लावून आल्या. तोवर अण्णांनी "आधी जेवण" म्हणून पाटांचा हुकूम सोडला. होळिगे, चित्रान्न म्हणजे लिंबू पिळलेला फोडणीचा भात, कोशिंबीर, सार. होळिगे म्हणजे आमचीच पुरणपोळी, पण तळहातावर घेतली तर खालच्या रेषा दिसतील इतकी पातळ. तानाबेंनी ती दोन्ही हातांनी धरून शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. मधूच्या पानातली होळिगे तशीच होती. शेवटी तोच उठला आणि म्हणाला, "आता अंगणात जाऊ या." मी तिसऱ्यांदा फेसत होते. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि आक्का वाटी हिसकून पळाल्या.

मी हात पुसत अंगणात गेले तेव्हा तानाबे डोणीपुढे गुडघे टेकून बसले होते. त्यांनी छत्री पाहिली, वाळ्याचा पडदा पाहिला, बांबूतून येणारी धार बोटानं तपासली, गोटे पाहिले. मग पानं पाहिली. मग ते दोरे आणि दोऱ्यांवरची पिल्लं पाहिली. त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही, पण मान मात्र फार सावकाश वर आली. त्यांना कळलं होतं. आईच्या ओढ्याकाठी वाढलेल्या माणसाला कळणारच. मधू त्यांच्या तोंडाकडे बघत उभा होता.

तानाबेंनी एक पान खुडलं, कपाळाला लावलं आणि तोंडात घातलं.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग त्यांचे डोळे मोठे झाले, नाक लाल झालं आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. माझ्या तिसऱ्या वाटीनं आपलं काम चोख केलं होतं. अण्णांनीही अधीरपणे एक पान तोंडात टाकलं, सात-आठ शिंका दिल्या आणि प्रत्येक दोन शिंकांच्या मध्ये ओरडले, "बघितलं? बेंगळूरची हवा!"

तानाबेंनी रुमालानं डोळे पुसले. त्यांनी माझ्या पिवळट बोटांकडे पाहिलं, आक्कांच्या हातातल्या रिकाम्या वाटीकडे पाहिलं. मग मधूकडे वळून वाकले आणि म्हणाले, "मी आईला सांगेन. फार जोमदार आहे." मधू लहानपणी पडून उठल्यावर रडायचा तसा, आवाज न करता रडला. अण्णांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्याला बाजूला नेऊन हवेचं उरलेलं समजावून द्यायला सुरुवात केली.

तेवढ्यात तानाबेंनी पिशवीतून कॅमेरा काढला. आईला फोटो हवा होता. आम्ही डोणीमागे उभे राहिलो. अण्णांनी पेटा नीट केला. तानाबेंनी कॅमेऱ्यातून पाहिलं, खटका दाबला नाही, पुन्हा पाहिलं. मग कॅमेरा खाली ठेवून पुढे आले आणि अण्णांना हातानं खुणावून एक पाऊल डावीकडे सरकवलं, म्हणजे तिरप्या उन्हात त्यांची सावली त्या पसरलेल्या दोऱ्यांवर पडेल. मग आक्कांसमोर वाकून त्यांनी स्वतःचा पंजा पानांवर आडवा धरून दाखवला, जणू झाडाला आशीर्वाद द्यायचा आहे. आक्कांनी तसा हात धरला. पानांचे दाते बरोबर बोटांमागे गेले.

तानाबे माझ्याजवळून परत जाताना हळूच इंग्रजीत म्हणाले, "माझ्या आईची नजर अजून फार चांगली आहे."

मी ते आक्कांच्या कानात मराठीत सांगितलं. आक्कांनी पानांवरचा हात तसूभरही हलवला नाही. समोर बघत त्या म्हणाल्या, "मग विचार त्यांना, पदराचं टोक पण सोडू का म्हणून."